धाबळीचं अस्तर

वडील ठाण्याला वकिली करत. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची बंद घोडागाडी त्यांनी हौसेने घेतली होती आणि घरात दुसऱ्या कुणालाच ती नको होती. दाराची काच चौकटीसकट खाचेत वरखाली सरकायची. खाचेतलं चामड्याचं अस्तर पार कुजलेलं, त्यामुळे गाडी हलली की काच अशी खडखडे की नौपाड्यातले लोक म्हणत, वकीलसाहेब निघाले भांडीकुंडी घेऊन.

शेवटी वडिलांनी सुताराला बोलावून अस्तर बदलायला काढलं. तेवढ्यात आत्याबाई, म्हणजे वडिलांची विधवा बहीण, आडव्या आल्या. चामड्याला टेकून त्या देवळात जाणार नव्हत्या, आणि घरात शेवटचा शब्द त्यांचाच. मग आईने आपली सोवळ्यातली जुनी धाबळी काढून दिली. लोकरीला विटाळ नाही. धाबळीच्या पट्ट्या खाचेत बसल्या आणि काच गप्प झाली. वडील येईल त्याला दार उघडमीट करून दाखवत, तेव्हा आई दाराआड उभी राहून सुखावायची. तिच्या वस्तूचं कौतुक त्या घरात प्रथमच होत होतं.

त्याच वर्षी ताई, माझी थोरली बहीण, कल्याणहून गौरींना माहेरी आली. वाळली होती, खोकतही होती. आल्या आल्या आईला म्हणाली, "आई, जरा बोलायचंय तुझ्याशी. एकटीशीच."

आईचे हात पुरणात. "अगं, गौरी जाऊ देत, मग निवांत बोलू."

गौरी गेल्या त्याच संध्याकाळी ताईचा दीर न्यायला हजर. तिच्या सासूने ताबडतोब बोलावलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती.

बाहेर भुरभुर चालू होती. वारा लागेल म्हणून आईनेच काच वर चढवली. दीर समोरच्या बाकावर बसला. गाडी हलली तशी ताई एकदम काचेपाशी आली, काचेवर हात ठेवून काहीतरी बोलली, पुन्हा बोलली. एक अक्षर बाहेर आलं नाही. ती काच खाली घ्यायला धडपडत होती, पण पावसाळी हवेने लोकर फुगली होती. आई गाडी थांबवायला हात वर करून पुढे झाली, तर आत्याबाईंनी तिचा दंड धरला.

"निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. अपशकुन होतो."

आईने हात खाली घेतला.

कार्तिकात ताई वारली. ताप आला म्हणे. खरं काय ते कुणी सांगितलं नाही, आणि त्या काळी मुलीकडचे विचारतही नसत. मला अजून त्याचा संताप येतो. आत्याबाईंवर काढला असता, पण सगळ्यांत जास्त त्याच रडत होत्या. वडिलांनी एक दिवस पट्ट्या उपटून टाकल्या. काच पुन्हा खडखडू लागली, आणि ती ऐकू आली की आई उठून आत जायची.

पुढे तो दीर भेटायला आला. परक्या पुरुषासमोर कधी न येणारी आई तेव्हा थेट ओसरीवर आली. बाकी काही नाही, एवढंच विचारलं, "त्या दिवशी गाडीतून ती मला काय सांगत होती?"

तो गोंधळला. "काही नाही हो काकू. 'आई, काच उतरव', एवढंच. स्टेशन येईपर्यंत तेच म्हणत होत्या."