कुट्टीचा गुलाल

दुष्काळात साखर कारखान्यानं उघडलेल्या चारा छावणीत आम्ही जनावरांसंगं राहत होतो. एका संध्याकाळी कुणीतरी चादर ताणून परदेशी सिनेमा लावला. भाषा कुणालाच कळेना. पण बाप गेलेलं पोरगं आणि त्याच्या अंगावरच्या बापाच्या ढगळ कोटाला हसणारी शाळेतली टारगट पोरं, हे समजायला भाषा कशाला लागते!

माझ्यापुढं एक बाई बसली होती. कपाळ मोकळं, म्हशीचं दावं मनगटाला गुंडाळलेलं. पोरगं मान खाली घालून निघालं की ती दाव्याला हिसका द्यायची.

"खाली कशापायी बघतो रं? आमचे मालक गेले तवा भावकीनं मलाबी असंच छळलं हुतं. मी न्हाई मान खाली घातली!"

शेवटी पोरगं तोच कोट घालून, ताठ मानेनं, त्या टोळक्यातून शाळेत शिरलं. बाई ताडकन उठली. छावणीत गुलाल कुठला? काडी काडी मोलाची असताना तिनं म्हशीपुढची कडब्याची मूठभर कुट्टी उधळली. मग सगळी छावणीच कुट्टी उधळू लागली.

मी म्हटलं, "मावशी, म्हैस उपाशी राहील की."

तिनं दावं सैल सोडलं. म्हैस पडद्यापुढं जाऊन सांडलेली कुट्टी खाऊ लागली.

"खाऊ दे तिलाबी," बाई म्हणाली. "आपलं पोरगं जिंकलंय."