अस्ता मान्याना

पंचाक्षरी मास्तर निजामाच्या काळात उर्दूतून शिकले आणि उर्दूतच शिकवायला लागले. राजवट गेली, शाळा मराठी झाल्या, तेव्हा तिशीतल्या मास्तरांना जोडाक्षरं गिरवायला लावली ती त्यांच्या बायकोनं. शरणम्मा सोलापूरला चार यत्ता शिकलेली होती. उर्दूत घातलेली वर्षं मातीत गेली, हे मात्र मास्तरांच्या मनातून कधी गेलं नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात उमरग्याकडच्या त्यांच्या गावातली विहीर आटली. टँकरच्या गढूळ पाण्यानं शरणम्माला जुलाब लागले, डोळे खोल गेले. दुष्काळी कामावर मजुरांसाठी दवाखान्याचा तंबू होता. मास्तरांनी तिला बैलगाडीत घालून तिथं नेलं.

तंबू सांभाळणाऱ्या सिस्टर पिलार स्पेनच्या. मराठी कामापुरतीच यायची. त्यांनी लगेच सलाईन लावलं. संध्याकाळी निघताना शरणम्माच्या कपाळावर हात ठेवून थकल्या आवाजात त्या आपल्याच भाषेत बोलून गेल्या, "अस्ता मान्याना."

मास्तरांना ऐकू आलं ते 'अस्त' आणि 'मानेना'. औषध मानेना, आता अस्तच, असा अर्थ त्यांनी लावला. त्यांनी शेवटच्या एसटीबरोबर तुळजापूरला लेकीकडं निरोप धाडला.

सकाळी लेक कमल रडतच तंबूत शिरली, तर आई उशीला टेकून बसलेली.

"मेले न्हाय मी," शरणम्मा म्हणाली. "आधी पेज दे."

तेवढ्यात सिस्टर आल्या. मास्तरांनी चाचरत कालच्या बोलण्याचा अर्थ विचारला. सिस्टर गोंधळल्या, मग हसू लागल्या. मान्याना म्हणजे उद्या, अस्ता म्हणजे पर्यंत. उद्या भेटू, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. स्पेनवर अरबांचं राज्य शेकडो वर्षं होतं, हा 'अस्ता' त्यांच्याच भाषेतून आला, असंही त्यांनी मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं.

मास्तर थबकले. "अरबीतला हत्ता?"

"हो, हत्ता. तुम्हाला कसा माहीत?"

"आमच्या उर्दूत हाय की. शाळेत शिकलो."

एवढं बोलून मास्तर खाटेच्या कडेला बसले आणि त्यांना रडूच फुटलं. कालपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला होता.

उन्हाळाभर मग सिस्टर त्यांच्याकडं मराठी शिकायला आल्या. अरबीतून आलेले आणखी स्पॅनिश शब्द सांगायच्या. मास्तर त्यातले उर्दूतले ओळखायचे, चुकले की खळखळून हसायचे. शरणम्मा चुलीपाशी भाकरी थापत दोघांचं ऐकायची आणि सिस्टरच्या ताटात लसणाची चटणी जरा जास्तच वाढायची.