गेलेल्याचा कोट

गंगाधर घाडीच्या दुकानात कोट फक्त मेलेल्या माणसाला मिळायचा. ही रीत त्याच्या वडिलांनी, तात्यांनी, घालून दिलेली. लोअर परळच्या एका गल्लीत गिरणीच्या भिंतीला टेकून आठ बाय सहाचं दुकान, बाहेर ‘फोटो व फ्रेम’ एवढीच पाटी. माणूस गेला की दोन-तीन दिवसांत घरचे हाताला लागेल तो फोटो घेऊन यायचे. कुणाच्या तरी लग्नातला घोळका, नाहीतर गणपतीतला, ज्यात मयत नेमका डोळे मिटून आरती म्हणतोय. तात्या त्याला त्या गर्दीतून अलगद बाहेर काढायचे, बारीक ब्रशने डोळे उघडायचे, डोक्यामागे फिकट उजेड द्यायचे आणि अंगावर काळा कोट चढवायचे. जन्मभर गिरणीत साच्यावर गंजीफ्रॉकात घाम गाळलेला माणूस तेराव्याला भिंतीवर साहेब होऊन बसायचा. जिवंतपणी हौसेनं कोट मागणाऱ्याला मात्र तात्या हात जोडायचे. ‘‘तुका अजून वेळ हा,’’ म्हणायचे. घाड्याकडचा कोट म्हणजे माणूस गेला, हे आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

आता गंगाधर अडुसष्टचा आहे, आणि खरं सांगायचं तर पार कंटाळला आहे. ब्रश गेला, कॉम्प्युटर आला. कोट आता त्याच्या पोटात चार मापांचे तयार आहेत. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात, दहा जणांनी पुढे ढकललेला, आणि खाली लिहितात, ‘मोठा करा, अर्जंट’. मोठा केला की माणसाच्या जागी नुसते चौकोन उभे राहतात. ते चौकोन पुसत, गालाला गाल जुळवत तो तासन् तास बसतो, डोळ्यांतून पाणी यायला लागतं. प्रिंट दादरच्या लॅबमधून येते. फ्रेम मात्र अजून तो स्वतः करतो. पट्टी तिरकी कापायची, चारही कोपरे सरस आणि खिळ्यांनी जुळवायचे, हिऱ्याच्या कलमानं काच कापायची, पाठीला पुठ्ठा. कोपरा केसाएवढीही फट न ठेवता बसला की अजून बरं वाटतं, पण ते तेवढ्यापुरतंच. त्यात नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्यांना भिंतीला खिळा नको असतो. ‘‘काका, गमनं चिकटेल अशी हलकी द्या,’’ म्हणतात. बापाला गमनं चिकटवणार! गंगाधर ‘देतो’ म्हणतो. वाद घालायला आता अंगात त्राण नाही.

बायकांच्या फोटोला त्याचा एक ठरलेला प्रश्न असायचा: ‘‘मालक आहेत?’’ म्हणजे नवरा जिवंत आहे का. असेल तर कपाळावरचं कुंकू ठळक करायचं, नसेल तर उरलेली खूणही पुसायची. हल्ली मुली यावरून भांडतात आणि त्यालाही ते पटतं, पण हात सवयीनं तिकडेच जातो. एवढ्या वर्षांत किती कपाळं त्यानं पुसली असतील, त्याला आठवावंसं वाटत नाही.

गुरुवारी दुपारी अपेक्षा आली तेव्हा हा प्रश्न त्यानं विचारला नाही. ती रमाबाईंची मुलगी. रमाबाई गल्लीच्या टोकाच्या चाळीत राहायच्या. त्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते, गंगाधर स्वतः स्मशानापर्यंत जाऊन आला होता. अपेक्षानं मोबाइलमधला आईचा फोटो दाखवला. मग पर्समधून एक जुना फोटो काढून काउंटरवर ठेवला. काळ्या कोटातला तिशीचा माणूस, डोक्यामागे फिकट उजेड.

‘‘हे बाबा. आईच्या ट्रंकेत सापडले. दोघांची जोडफ्रेम करा काका, तेराव्याला लागेल.’’

गंगाधरनं त्या कोटाकडे पाहिलं. तो कोट त्याच्या हातचा होता.

त्या माणसाचं नाव कुशाबा. फोटो मूळचा या दुकानात काढलेला, पडद्यापुढे, साध्या शर्टात, नंबर अकराशे बेचाळीस. तात्यांच्या काळापासून प्रत्येक फोटोच्या मागे दुकानाचा शिक्का आणि नंबर असायचा, म्हणजे कधीही या आणि कॉपी न्या. ब्याऐंशीचा गिरणी संप लांबला, गिरणी सुरू होईना, तेव्हा कुशाबा मागावर काम मिळेल म्हणून इचलकरंजीला गेला. दोनदा मनीऑर्डर आली, तीन पत्रं आली, मग काहीच नाही. मुलगा सुशांत पाच वर्षांचा होता, अपेक्षा दोनची. रमाबाईंनी खानावळीत भाकऱ्या थापून दोघांना वाढवलं. पहिल्याच वर्षी त्या दुकानाच्या पायरीशी येऊन गंगाधरला म्हणाल्या होत्या, ‘‘ह्येंच्या फोटोचो नंबर तुझ्याकडे हा. कधी कॉपी नेवक इले, तर माका सांग हां.’’ तो ‘सांगतंय’ म्हणाला होता.

पंधरा वर्षांनी कॉपी न्यायला कुणीतरी आलं, पण तो कुशाबा नव्हता. इचलकरंजीची एक बाई होती, सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिनं पर्समधून अकराशे बेचाळीस काढला. ‘‘माझे मालक. काविळीनं गेले,’’ म्हणाली. ‘‘मागं तुमचा पत्ता होता म्हणून आले. मोठा करून द्या, भिंतीला लावायचाय.’’ मुलगी काचेच्या तुकड्यांशी खेळत होती आणि तिची हनुवटी थेट अपेक्षाची होती. गंगाधरनं काही विचारलं नाही. रीतीप्रमाणे कुशाबाला कोट चढवला, उजेड दिला, त्या तयार फोटोची निगेटिव्ह काढून जुन्या निगेटिव्हबरोबर त्याच पाकिटात ठेवली आणि बाईला तिची कॉपी दिली.

संध्याकाळी रमाबाईंना सांगायचं असं त्यानं ठरवलं. संध्याकाळी त्या आल्या, भाजीची पिशवी हातात, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गंगाधर करवतीवर वाकला आणि त्या पुढे निघून जाईपर्यंत मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. भर रस्त्यात एका बाईचं कपाळ आपण कसं पुसायचं? हे स्वतःला समजावायला बरं होतं. खरं म्हणजे तो भ्यायला होता.

अशी सात वर्षं गेली, मग दोन हजार पाचचा पूर आला. चाळीच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी, लोकांच्या फोटोंचा लगदा झाला. आठ दिवस दुकानात जत्रा होती. रमाबाई कुशाबाच्या फोटोचा लगदा रुमालात घेऊन आल्या. गंगाधरनं घाईघाईत अकराशे बेचाळीसचं पाकीट तसंच लॅबला पाठवलं. लॅबवाल्यानं पाकिटातल्या दोन निगेटिव्हमधली चांगली बघून प्रिंट काढली. गंगाधरनं ती न उघडता रमाबाईंच्या हातात दिली आणि त्यांनी त्याच्यासमोरच उघडली.

कुशाबा कोटात होता.

रमाबाईंनी फोटोवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, ‘‘कोट बरो दिसता ह्येंका.’’ फोटो पिशवीत ठेवून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी दुकानासमोरून गेल्या तेव्हा कुंकू होतं तिथंच होतं. आपण कुशाबाला मान म्हणून कोट चढवला असं बाईंना वाटलं असेल, त्यांना काही कळलं नाही, असं गंगाधरनं ठरवून टाकलं. वीस वर्षं तो हे ठरवतच होता. रोज.

‘‘काका, लक्ष आहे ना?’’ अपेक्षा म्हणाली. ‘‘दादाचं म्हणणं, आईचं कुंकू काढा. चाळीस वर्षं पत्ता नाही म्हणजे बाबा गेलेच, बारा वर्षांतच मानायला पाहिजे होतं, म्हणतो. उगाच भिंतीवर प्रश्न नको. मला नाही हो काढवत. पण ठेवू तरी कशाच्या जोरावर? कुणीतरी एकदा येऊन नक्की सांगायला पाहिजे होतं ना तिला! मग ठेवायचं की काढायचं, तिचं तिनं ठरवलं असतं. तिला कुणी सांगितलंच नाही.’’

गंगाधरनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. ‘‘आई त्यांच्यासाठी कधी काही करायची?’’

‘‘छे. दादा एकदा विधी करू म्हणाला तर अंगावर धावून गेली. फक्त सर्वपित्रीला एक पान जास्त ठेवायची. आजीचं एक, आजोबांचं एक आणि हे तिसरं. त्यावर अळूवडी. कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणायची, ‘जेका कोण नाय तेचा.’’’

‘‘कधीपासून?’’

‘‘पूर आला ना, त्या वर्षापासून. मला आठवतं, भिंतींना अजून ओल होती आणि ही अळू शोधत फिरत होती.’’

म्हणजे ते तिसरं पान कुशाबाचं. जे आपण एकट्यानं पाठीवर वागवतोय असं त्याला वाटत होतं, ते त्या बाईनं त्याच दिवशी उचलून घरी नेलं होतं. रोज दुकानासमोरून जाताना करवतीवर वाकलेली त्याची मान त्या पाहत होत्या. एका शब्दानं बोलल्या नाहीत.

‘‘बस गो,’’ तो म्हणाला. ‘‘उभ्यानं ऐकू नको.’’

त्यानं सगळं सांगितलं. बाई, मुलगी, कावीळ, कोट, करवत. काही झाकलं नाही, स्वतःची बाजूही घेतली नाही. अपेक्षा मधेच उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली, रस्त्याकडे तोंड करून. आता ही जाईल आणि परत येणार नाही, आणि आली नाही तर ते बरोबरच होईल, असं त्याला वाटलं. ती आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

‘‘तिनं तुम्हाला सांगून ठेवलं होतं, आणि तुम्ही गप्प बसलात.’’

‘‘हो.’’

‘‘सात वर्षं तुम्ही तिला वाट बघायला लावलीत, काका.’’

ते खरंच होतं.

अपेक्षा स्टुलावर टेकली. म्हणाली, ‘‘म्हणजे पुढची वीस वर्षं तिनं माहीत असून कुंकू लावलं. मग राहू दे. आपण कोण काढणारे?’’

गंगाधरनं फोटो स्क्रीनवर घेतला. मोबाइलच्या फोटोत कुंकवाची कडा फुटली होती, कपाळावर लाल चौकोन पसरले होते. तो कणाकणानं ती कडा गोल करत बसला. अपेक्षा शेजारी बघत बसली. घाई करा म्हणाली नाही. अर्ध्या तासानं कुंकू जसं सकाळी सकाळी असायचं तसं झालं.

‘‘आणि यांचा?’’ त्यानं कोटातल्या फोटोकडे बोट केलं. ‘‘जोडफ्रेम ना?’’

‘‘नको. आईची एकटीची करा. यांचा तिकडे इचलकरंजीला लागलाय ना एक.’’

त्यानं मान हलवली. एका फ्रेमची पट्टी मोजून बाजूला काढली. अपेक्षा निघाली, पायरीवर थांबली, परत वळली. कोटातला फोटो तिनं पर्समध्ये न घालता त्याच्यापुढे सरकवला.

‘‘हा तुमच्याकडेच असू दे. ती मुलगी आता मोठी झाली असेल. तिच्याकडचा फोटो खराब झाला तर येईल कधीतरी, मागे नंबर आहे ना?’’

‘‘आहे.’’

‘‘आली तर मला सांगा.’’ आणि पायरी उतरताना, ‘‘काका, या वेळी खरंच सांगा.’’

ती गेल्यावर गंगाधर माळ्याच्या शिडीवर चढला. दोन पायऱ्यांनंतर गुडघा बोलला, तो थांबला, पुन्हा चढला. निगेटिव्हच्या डब्यातून अकराशे बेचाळीसचं पिवळं पाकीट काढून खाली आला. फोटो त्यात घातला. मग मोबाइलमधून बघून बघून, एकेक आकडा तपासत, अपेक्षाचा फोन नंबर त्यानं पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिला.