शॉकअपची पट्टी

गाडीचे धक्के झेलणारा गॅसचा नवा शॉकअप दुकानातून येतो तो दाबून बांधलेला. त्याच्याभोवती प्लास्टिकची घट्ट पट्टी असते. ती कापली की दांडा हळूहळू बाहेर येतो आणि तेव्हा कुठं त्याची खरी लांबी दिसते. मी दुकानात पट्टी कापली नाही. दुकानदार आधीच म्हणाला होता, "शेठ, पट्टी कापली की माल परत नाय." आणि परत करायचा हक्क मी आयुष्यात कधी फुकट सोडलेला नाही.

दीड तास घासाघीस केली. त्याचाच चहा पीत मी त्याच्याच मालाला नावं ठेवत होतो. शेवटी त्यानं महागडी जोडी आत ठेवली आणि दुसरी, स्वस्तातली काढली. बंद असताना दोन्ही सारख्याच. मी टेप लावली, बोटभरही फरक नाही. "सारखाच माल, मग भाव का दुसरा?" म्हणत मी आणखी पाडून घेतलं. दुकानदार गप्प बसला. घासाघिशीत समोरचा गप्प बसला की आपण जिंकलो, असंच मी समजत आलो होतो.

जीप माझी स्वतःची. चाकांवरचे कमानपाटे बदलून मी ती चार इंच उंच केली होती. गाडी उंच केली की खड्ड्यात चाक जास्त खाली लोंबतं, म्हणून शॉकअपची चालही, म्हणजे दांडा बाहेर येतो ती लांबी, वाढवावी लागते. नाहीतर चाकाला अजून खाली जायचं असतं आणि शॉकअप त्याला मध्येच धरून ठेवतो. मग चाक अधांतरी राहतं आणि गाडी त्या बाजूला कलते.

हे मला ठाऊक होतं. शेंद्र्याची शेती भावांना सोडून मी बजाजनगरात खोली घेतली, कंपनीत हेल्परी केली, आणि मग नऊ वर्षं एका उस्तादाच्या गॅरेजात हात काळे केले. उस्तादाची एक रीत होती. गाडी उंच केली की तिचं एक चाक दगडाच्या ढिगावर चढवायचं, दुसरं लोंबू द्यायचं, आणि स्वतः खाली आडवं होऊन शॉकअप कुठं अडतो ते बघायचं. एकदा गिऱ्हाईक घाईत होतं, मी ढिगावर न चढवताच गाडी दिली. उस्ताद सगळ्यांसमोर म्हणाला, "तू मिस्त्री नै रे. सौदागर है तू."

नऊ वर्षांची ही किंमत. मी त्याच दिवशी निघालो आणि पडेगावला स्वतःचं शेड टाकलं. त्या शेडात दगडाचा ढीग ठेवला नाही. मुद्दामच.

माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे आणि जीप माझ्यापेक्षा चांगली चालवते. शॉकअप बसवून, गाडीखालीच पट्ट्या कापून मी बाहेर आलो तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, एक चाक दगडावर चढवून बघू ना."

"त्या म्हाताऱ्याचे चाळे माझ्या शेडात नाय चालायचे."

"चाळे नाहीत, पप्पा. मोजमाप आहे."

"मला शिकवू नको!"

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या बंद खाणीत जीपवाले जमतात. त्या रविवारी उस्तादही आला होता. कुणीतरी त्याला खुर्ची दिली होती. त्याला बघितलं आणि माझं डोकं फिरलं. मुलगी जीप घेऊन नेहमीच्या वाटेनं निघाली होती. मी ओरडलो, "वरच्या वाटेनं घे!"

वरची वाट खाणीच्या काठानं जाते. डावीकडं उतार आणि खाली साचलेलं हिरवं पाणी. अर्ध्या चढावर डावं मागचं चाक खळग्यावर आलं. ते खाली टेकायला हवं होतं. टेकलं नाही. खडकापासून चार बोटं वर अडकून राहिलं आणि जीप सावकाश पाण्याकडं कलायला लागली. उजवं पुढचं चाक हवेत उठलं.

मी कसा पोचलो आठवत नाही. उजव्या पायरीवर चढून बाहेरच्या अंगाला लोंबकळलो. आणखी दोघं माझ्या शेजारी लोंबकळले. तरी गाडी हलत होती. मुलीचा पाय ब्रेकवर होता. पाय काढला तर गाडी मागं जाणार, उडी मारली तर ती गाडीसकट जाणार. दुसरी जीप वर आणायला वाटच नव्हती.

"पप्पा, पाय भरून आलाय."

"दाबून धर, बाळा." माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. दोर नाही, युक्ती नाही. बोलून भाव पाडता येईल असं समोर कुणी नव्हतं. मी तीन वर्षांत न घेतलेलं नाव घेऊन ओरडलो, "उस्ताद! पोरगी आहे आत!"

तो आधीच चढत होता. हातात पाना आणि हातोडी. गाडी ज्या बाजूला पडणार होती त्याच बाजूनं तो खाली सरकला.

"बेटी, पाँव नक्को उठा. और तू, लटक के रह. तू छूटा तो मैं नीचे हूँ."

नटाचा आवाज आला. मग हातोडीचे घाव. प्रत्येक घावाला गाडी हलायची आणि माझे हात घामानं निसटायचे. मी मोजत नव्हतो, फक्त मुलीच्या मानेकडं बघत होतो. शेवटी शॉकअपचं खालचं टोक सुटलं, चाक धपकन खडकावर टेकलं आणि गाडी सरळ झाली.

मुलगी उतरली आणि दगडावर बसून रडली. मी जवळ गेलो तर तिनं हात झटकला.

उस्ताद पाठीवरची माती न झाडताच विचारत होता, "पट्टी कब काटी रे?"

"बसवताना. गाडीखाली."

"मतलब खुला देख्याच नै."

एवढंच. चारचौघांत पुन्हा सौदागर म्हणाला असता तरी मी ऐकून घेतलं असतं. त्यानं तसं म्हटलं नाही. पण तीन वर्षांपूर्वीचं मी अजून विसरलेलो नाही, हेही खरंच.

पुढच्या आठवड्यात मी त्याच दुकानात गेलो. मुलगी येणार नव्हती, पण आली. दुकानदारानं तीच महागडी, लांब जोडी काउंटरवर ठेवली आणि भाव सांगितला. मी तेवढेच पैसे मोजून ठेवले.

"पट्टी काप," मी म्हणालो.

"शेठ, मग परत..."

"काप म्हटलं ना!"

त्यानं कापली. दांडा सरकत बाहेर यायला लागला. मुलीनं टेप लावली आणि तो थांबेपर्यंत आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.