वाळवणाची वजावट

मधुकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिऱ्हाइकाला शर्टाचं कापड मोजून देत होतो. आष्टीच्या बाजारात त्याचं नि माझं दुकान भिंतीला भिंत लागून, मागची घरंही तशीच, आणि वर गच्ची सामाईक. होळी नुकतीच झाली होती. "तपासून येतो" म्हणून नागपूरच्या दवाखान्यात गेला होता... त्याच्या मुलीच्या आवाजावरूनच सगळं कळलं. मी कापड तसंच टाकून उठलो आणि शेजारच्या बंद शटरसमोर उगाच उभा राहिलो.

पाण्याच्या मोटारी दुरुस्त करता करता तो सोलरच्या धंद्यात पडला. पॅनेल बसवणारे पुष्कळ होते. याचा जीव अडकायचा तो अंदाजात. एखाद्या छपरावर वर्षभरात वीज किती तयार होईल, हे सांगायला तो अर्धा दिवस त्या छपरावरच बसायचा. शेजारच्या टाकीची सावली हिवाळ्यात कुठवर येते, कापसाच्या मोसमात जिनिंगची रुई कुठून उडत येते, सगळं बघायचा. आपल्याकडची तपन, हे रणरणतं ऊन, म्हणजे विजेची खाणच, असं लोकांना वाटतं. तो म्हणायचा, "बावा, पॅनेलले उजेड लागते, तपन नाई. मे महिन्यात थेही आपल्यासारखंच सुस्तावते." साहजिकच त्याचा आकडा इतरांपेक्षा कमी निघायचा आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायचं. मी चिडवायचो, "तू सोलर विकून राह्यला का लोकायले भेवाडून राह्यला?" तो नुसता हसायचा. पण मीटर अंदाजाच्या वर गेलं तरी त्याचं तोंड उतरायचं. "जास्त आली तरी चुकलोच ना बे!" अशा माणसाला काय समजावणार...

आमच्या गच्चीवर त्यानं स्वतःची पॅनेलं बसवली आणि पहिल्याच चैत्रात ठिणगी पडली. त्याच्या बायकोनं, शोभावहिनींनी, पॅनेलांवर जुनं लुगडं ताणून बांधलं आणि त्यावर कुरडया घातल्या. स्वच्छ, तापलेली जागा, मुंग्यांचा त्रास नाही. माझी बायकोही त्यांना सामील. मधुकर धावत वर आला. "अवं, एक कोपरा झाकला तं अख्ख्या रांगेची वीज बसते!" वहिनींचा हात काही थांबला नाही. "तुमचं ऊन येगळं अन् माहं ऊन येगळं हाय काय?"  खाली जाऊन त्यानं अंदाजातून वाळवणाचे दिवस वजा केले. महिनाअखेर आकडा मीटरशी असा काही जुळला, की पुढे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायला लागला, "तुमच्या घरी कुरडया कुठी वाळवता?" हा सोलरवाला आहे की सोयरीक जुळवायला आलाय, असं तळेगावच्या एका व्यापाऱ्यानं मलाच बाजूला घेऊन विचारलं होतं.

दर जानेवारीत तो जिन्यातल्या मीटरशेजारी वर्षभराचे महिनावार आकडे खडूनं लिहून ठेवायचा, उन्हाळ्यातलं वाळवण वजा करूनच. पण महिना संपला की तो स्वतः कधी मीटर बघायचा नाही. पेपर लिहिणाऱ्यानं पेपर तपासू नये, असं त्याचं म्हणणं. खालून ओरडायचा, "काय म्हनते गा मीटर?" आणि मी जिन्यात उभा राहून वाचून दाखवायचो. परवा महिना संपला तसा मी सवयीनं जिना चढलो. मीटर त्याच्या अंदाजाच्या बरंच वर गेलं होतं. मधुकर चुकला? मी गच्चीवर जाऊन पाहिलं. पॅनेलं उघडी, लखलखीत. ज्या घरी माणूस जातं तिथं त्या वर्षी कुरडया करत नाहीत, आणि वहिनींशिवाय माझ्या बायकोचाही हात चालला नव्हता. सावली, धूळ, रुई, वाळवण, त्यानं सगळं धरलं होतं. स्वतःचं जाणं तेवढं धरलं नव्हतं. मला तिथंच रडू आलं.

खाली येऊन बायकोला सांगितलं. तिनं गहू भिजत घातला. दुःखाच्या घरची कुरडई शेजारच्या घरी व्हायला कुणाची ना नसते. चीक शिजला त्या सकाळी ती पॅनेलावर लुगडं बांधत होती, तेव्हा वहिनी वर आल्या. मधुकर गेल्यापासून पहिल्यांदाच.  पुढे झाल्या, वाऱ्यानं सुटलेला लुगड्याचा कोपरा ओढून घट्ट बांधला आणि म्हणाल्या,

"नीट झाका. नाई तं थे आखीन चुकतीन."