सातव्या भागाचं शेवटचं अक्षर

ज्या मालिकेबद्दल मी लिहितो आहे तिचे सतरा भाग आहेत. पृथ्वीवरून निघालेलं एक भलंमोठं अवकाशयान, त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं, खायला टाक्यांमध्ये वाढवलेलं शेवाळ आणि दुधाला एक शेळी. एवढ्या भांडवलावर लेखकाने सतरा भाग रेटले आहेत, आणि अठरावा येणार असं ऐकतो. त्या यानाला आम्ही वाचक लाडाने 'गलबत' म्हणतो. जळगाव-धुळ्याकडे आमच्यासारखे वीस-पंचवीस जण आहेत. मोबाइलवर आमचा ग्रुप आहे. तिथे सकाळी कुणी 'सुप्रभात' टाकलेलं चालत नाही. टाकायचंच असेल तर गलबतावरच्या घड्याळात किती वाजले ते टाकावं लागतं.

वर्षातून एकदा, वांग्यांच्या दिवसांत, आम्ही जळगावला जमतो. आमच्यातले एक शेठजी कापडाचे व्यापारी आहेत. त्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर गाद्या घातलेल्या असतात, दुपारी भरीत-पुरी असते, आणि जेवणाआधी प्रत्येकाने मालिकेतला आपला सर्वांत आवडता क्षण सांगायचा असतो. पुस्तक हातात न घेता, तोंडी. पुस्तकाचं काम आमचे नाना करतात. नाना धुळ्याचे निवृत्त ग्रंथपाल. तुम्ही क्षण सांगितला की ते डोळे मिटून त्याचा पत्ता देतात: "भाग चार, पान एकशे बारा, खालून तिसरी ओळ." त्यांना आम्ही पानवाले नाना म्हणतो. नव्या माणसाला वाटतं, यांची चौकात टपरी असेल.

मागच्या हिवाळ्यात मी या बैठकीला माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, बोलावलं. आणि बोलावून झाल्यावर आठ दिवसांनी मला कळलं की तिचा आवडता क्षण पुस्तकात नाहीच.

हे कसं झालं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. अक्का साक्रीला लोकांचे कपडे शिवते. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि पाय मशीनच्या पायडलवर आला. पुढे मी हायस्कुलात गेलो. तिचे दोन्ही हात कापडात अडकलेले, म्हणून पुस्तक धरायला मी. गावातल्या वाचनालयातून ही मालिका तिनेच शोधून काढली. मला 'फळा-खडूचीच पुस्तकं वाचशील का' असा टोमणा मारून तिनेच माझ्या हातात दिली. दुपारी मी वाचायचो आणि मशीन चालायचं. गोष्ट रंगली की मशीन थांबायचं. कुठला प्रसंग किती चांगला आहे, हे मी पायडलवरून ओळखायला शिकलो. पुढे कॉलेजात समीक्षेचा पेपर होता, पण त्याहून अचूक साधन मला तिथे मिळालं नाही.

सातव्या भागात गलबत एका काळ्या ताऱ्याच्या मागे जातं आणि त्याचा आवाज बंद होतो. पृथ्वीवरच्या केंद्रात एक वयस्क बाई आहे. ती रोज यंत्रापुढे बसून विचारते, "गलबतावर कोणी आहे का?" तेरा वर्षं विचारते. लोक तिला वेडी म्हणतात, तिची बदली करायला निघतात. शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत, खरखर होते आणि उत्तर येतं.

वाचनालयाच्या प्रतीत त्या पानाचा खालचा भाग उजवीकडून पार डाव्या समासाजवळपर्यंत उंदरांनी खाल्ला होता आणि कुणीतरी खळ लावून तिथे खाकी कागदाची पट्टी डकवली होती. शेवटच्या ओळीत एकच अक्षर होतं, आणि पुढे पट्टी.

'शे'.

आमच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. मी वाचलं, आणि मशीन थांबलं.

"पुन्हा वाच," अक्का म्हणाली.

"शे."

"आरे, हाऊ तर आपला मानूस शे!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ब्लाऊजचं अस्तर तिने पुसायला घेतलं होतं. एवढ्या मोठ्या आकाशात, तेरा वर्षांनी, कुणीतरी उत्तर दिलं आणि ते आमच्या बोलीत दिलं. त्या दिवशी शिलाई पुढे सरकली नाही. गिऱ्हाईक बाई आल्या तर अक्काने त्यांनाही उभ्या-उभ्या सातवा भाग सांगितला. बाईंनी सगळं ऐकून विचारलं, "ते ठीक शे, पण मन्हा ब्लाऊज?"

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. कॉलेजच्या अंकात मी एक लेख लिहिला होता, 'विज्ञान कादंबरीतील अहिराणी: एक शोध'. एका अक्षरावर मी पाच पानं लिहिली आणि लेखक मूळचा साक्री-पिंपळनेरकडचाच असला पाहिजे, असं सिद्ध केलं. त्याला बक्षीस मिळालं. ते प्रमाणपत्र अक्काने काच बसवून दुकानात मशीनवर टांगलं आहे. टेलरच्या दुकानात लोक देवाचा नाहीतर नटीचा फोटो लावतात; आमच्याकडे माझा शोध आहे.

तर बैठकीला ती येणार म्हणून मी तिच्यासाठी मालिकेची नवी आवृत्ती मागवली, सतराच्या सतरा भाग. खोकं फोडल्याबरोबर आधी सातवा उघडला आणि शेवटच्या पानावर गेलो. तिथे छापलं होतं:

'शेवाळ संपले आहे.'

मी ते तीनदा वाचलं. मग ते खोकं पलंगाखाली सरकवलं, जणू पुस्तकं नाहीत, कुणाची चोरी आहे. अक्का पहिल्यांदाच शिकलेल्या लोकांच्या बैठकीत बोलणार होती. तिथे पानवाले नाना डोळे मिटून बसलेले असणार. तिच्यावर हसले तर? आणि खरं सांगायचं तर, ते काच बसवलेलं प्रमाणपत्रही माझ्या डोळ्यांसमोर होतंच.

आदल्या दिवशी अक्का धुळ्याला एसटी बदलून जळगावला माझ्या घरी आली. पिशवीत लोणच्याची बरणी. मी चहा देता-देता म्हणालो, "अक्का, उद्या तू शेळीचा प्रसंग सांग ना. नववा भाग. शेळी हरवते आणि सगळं गलबत शोधत फिरतं. तुला किती आवडतो तो."

"शेळी माझ्या घरी बी शे. मी 'शे'च सांगसू."

"पण तो सगळ्यांना माहीत आहे गं."

"मग तर आजून चांगलं." तिने बशी खाली ठेवली. "काय लपाडी राहिना तू?"

"कुठे काय लपवतो?"

"बरं," ती म्हणाली. अक्काचं 'बरं' हे तिच्या कात्रीसारखं आहे. आवाज थोडाच येतो.

दुसऱ्या दिवशी गाद्या भरल्या. शेठजींनी सहाव्या भागातला बाजार सांगितला, जिथे गलबताचं हिशेबी यंत्र परग्रहावरच्या व्यापाऱ्याशी घासाघीस करतं आणि शेवटी दोघंही म्हणतात, 'घरची गोष्ट आहे म्हणून देतो.' शेठजी म्हणाले, "एवढं खरं पुस्तक मी दुसरं वाचलं नाही." शिरपूरच्या एका प्राध्यापिकाबाईंनी अकरावा भाग घेतला आणि त्यांनी दोन प्रसंग एकत्र शिवले आहेत, असं नाना म्हणेपर्यंत थांबल्या नाहीत. "पान अठ्ठावीस आणि पान नव्वद, मॅडम." सगळे हसले, बाईही हसल्या. हे लोक प्रेमाने हसत होते, पण हसत होते.

मग अक्का उठली. बाकी सगळ्यांनी बसून सांगितलं होतं. पदर खोचून ती उभी राहिली आणि निम्मं मराठीत, निम्मं अहिराणीत तिने ती केंद्रातली बाई उभी केली: तिचा चष्मा, तिचा गार झालेला चहा, रोजचा तोच प्रश्न. असं पुस्तकात नाही. पुस्तकात चहा नाहीच. पण एकाही माणसाने मान हलवली नाही. "आनि मग खरखर व्हयनी," ती म्हणाली, "आनि त्या अंधारातून एक मानूस बोलला. 'शे.' बस. येवढंच."

नानांचे डोळे उघडले. मी त्यांच्याकडे बघून नकारार्थी मान हलवत होतो, पण ग्रंथपालाला एकदा चुकीचं पान दिसलं की त्याला आवरणं अवघड.

"भाग सात, पान दोनशे चार, शेवटची ओळ," नाना हळूच म्हणाले. "पण ताई, तिथे 'शेवाळ संपले आहे' असं आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. अक्का हसली नाही. ती नानांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"तुले माहीत व्हतं?"

"हो."

"कधीपासून?"

"आठ दिवस." मी उभा राहिलो. "नाना, तिची चूक नाही. आमच्या प्रतीत तेवढंच अक्षर होतं, पुढे पट्टी होती. वाचलं मीच. आणि त्यावर लेख लिहून बक्षीसही मीच घेतलं."

आता मात्र सगळेच हसले, आणि ते हसणं माझ्या वाट्याला आलं याचं मला बरं वाटलं. अक्का तशीच उभी होती. शिलाई उसवायची की तशीच ठेवायची हे ठरवताना ती अशी उभी राहते.

"थांबा," ती नानांना म्हणाली. "तेरा वरीस कोन्ही बोललं नही. आनि बोललं ते पयलं काय, तर शेवाळ सरनं?"

"हो ताई. पुढे आठव्या भागात मोठा दुष्काळ..."

"दुष्काळ राहू द्या. हाऊ मन्हा भाऊ शे ना," तिने माझ्याकडे बोट दाखवलं, "जळगावले आला तधळपासून महिना-महिना फोन करत नही. आनि फोन करना का पयलं काय म्हनस? 'अक्का, लोणचं संपलं.' कशी शेस, बरी शेस का, काही नही. लोणचं संपलं! परका मानूस आसं बोलेल का, नाना? परका मानूस आधी नमस्कार करीन. म्हंजे गलबतवर घरनाच मानूस शे."

शेठजी इतके हसले की त्यांची टोपी गादीवर पडली. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी हे पुस्तक किमान वीसदा वाचलं असेल," ते म्हणाले. "ही ओळ मला नेहमी फिकी वाटायची." मग त्यांनी शेठजींकडून पेन्सिल मागितली, आपल्या पिशवीतला सातवा भाग काढला, आणि चाळीस वर्षं लोकांना पुस्तकात लिहू न देणाऱ्या त्या माणसाने पान दोनशे चारच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं: 'शे.'

भरीत चांगलं होतं. अक्काला दोनदा वाढलं. पण माझ्याशी ती बोलली नाही. घरी आल्यावर मी पलंगाखालून खोकं काढलं. तिने एकेक भाग हाताळून बघितला, सोळा भाग पिशवीत भरले आणि सातवा परत माझ्या हातात दिला.

"हाई तुन्हाजवळ राहू दे. शब्द चुकना त्यानं काही नही. तू माले आठ दिन सांगं नही."

स्टँडवर एसटी सुटेपर्यंत तिने खिडकीतून समोरच्या उसाच्या रसाच्या गाडीकडे बघितलं.

त्यानंतर मी तीन वेळा फोन केला. उचलला जायचा, मशीनचा आवाज यायचा, आणि भाचीचा आवाज: "आई कामात आहे." दुकानातलं प्रमाणपत्र काढलं का, असं मी तिला एकदा विचारलं. "नाही मामा. आई रोज पुसते."

पंधराव्या-सोळाव्या दिवशी सकाळी मी जेवणाचा डबा भरत होतो. बरणी उघडली तर तळाला नुसतं तेल आणि दोन मेथ्या. मी फोन लावला. या वेळी उचलला तो तिनेच असणार, कारण पलीकडे कुणी 'हॅलो' म्हणालं नाही. नुसतं मशीन चालत होतं.

"अक्का, आहेस का?"

मशीन चालूच.

"अक्का," मी म्हणालो, "लोणचं संपलं."

मशीन थांबलं. थोडी खरखर झाली. साक्रीला रेंज कमीच असते.

"शे," अक्का म्हणाली.