लाईट नसलेल्या खोलीतला भुंगा

नमस्कार मंडळी,

तुम्हा सगळ्यांचे अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतोय. वाचता वाचता मनातल्या मनात उत्तरं शोधायची सवयच लागली होती मला. कुणाला रस्त्यात बाई दिसली... गाडी चालवून डोळे थकले असतील. दार आपोआप उघडलं... बिजागरी ढिली असेल. मी कळंबला एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे. वायरी, मीटर, बॅटऱ्या यांच्यातच दिवस जातो. प्रत्येक आवाजामागं काहीतरी हलत असतं, हे मी पोरांना दाखवतो. त्यामुळं असलं काही आपल्या नशिबी येईल आणि मी ते इथं लिहीन, असं कधी वाटलं नव्हतं.

तर आधी घरचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल.

आमचं घर ढोकीला. थोरले बंधू — आम्ही त्यांना अण्णा म्हणतो — शेती बघतात. मंगलवहिनी घरी शिलाईमशीन चालवतात. मी रोज दुचाकीवर कळंबला जाऊन येऊन करतो. मला गिटारचा नाद कॉलेजपासूनचा. आमचा चार-पाच जणांचा ग्रुप आहे. हळदी, साखरपुडे, शाळांची गॅदरिंग असे कार्यक्रम करतो.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज बदलायला पायानं दाबायची छोटी छोटी लोखंडी डबडी असतात, त्यांना पेडल म्हणतात. एकानं आवाज जाड होतो, एकानं घुमतो, एकानं प्रतिध्वनी येतो. माझ्याकडं अशी पाच जमली होती, आणि प्रत्येक कार्यक्रमाला ती पिशवीतून काढून, जोडून, तपासून होईपर्यंत लोक खुर्च्यांवर पेंगायला लागायचे. म्हणून ठरवलं — एका फळीवर सगळी कायमची बसवायची. पेडलबोर्ड. घरातल्या मोडक्या खाटेच्या पट्ट्या होत्या, त्या अण्णांनी कापून दिल्या. वहिनींनी शिलाईच्या सामानातलं वेल्क्रो काढलं आणि कुठलं पेडल कुठं बसेल तसं मापानं कापून दिलं. घरात त्या वस्तूचं नाव पडलं ‘फळी’.

फळी दिसायला झकास झाली... पण आवाज! पाचही पेडलना एकाच अडॅप्टरवरून करंट दिला होता. स्पीकर — आम्ही त्याला अँप म्हणतो — चालू केला की नुसता घूंऽऽऽ. वहिनी स्वयंपाकघरातनं म्हणाल्या, “भावजी, भुंगा शिरला का काय घरात?”

तेव्हापासून त्या आवाजाचं नाव भुंगा.

त्याला घालवायला मला कितीतरी संध्याकाळी लागल्या. सूर तपासायचं पेडल पुढं, प्रतिध्वनीचं मागं. मग उलट. करंटच्या वायरी एका बाजूला, आवाजाच्या दुसऱ्या. मी पुढच्या खोलीत मांडी घालून जोडाजोड करायचो आणि वहिनी आतून भाकऱ्या थापता थापता सांगायच्या — “आला... आला... आता कमी हाय... आला परत.” मला जे मीटरवर दिसायचं नाही ते त्यांना कानानं कळायचं, असं काही नाही हं. बऱ्याचदा त्या मिक्सरलाही भुंगाच म्हणायच्या. पण रोज ऐकून तो आवाज त्यांच्या कानात बसला होता, माझ्याइतकाच.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. साधा भुंगा असतो ना, तो तारांवर हात ठेवला की कमी होतो. गिटारवाल्यांना हे माहीत असतं. एकदा मात्र घरी उलट झालं. तारांना हात लावला तर भुंगा वाढला, त्याचा सूर चढला, वर एक चरचर आली, आणि माझ्या बोटांना झिणझिण्या. आमच्या त्या खोलीतल्या बोर्डाची अर्थिंग तुटली होती. वहिनी पीठ लागलेल्या हातानंच बाहेर आल्या होत्या — “हे कसलं वाजतंय? सोडा ते आधी.” दुसऱ्या दिवशी अण्णांनी वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतली. तो चढलेला, चरचरता आवाज त्यानंतर कधी आला नाही. पुढं मी प्रत्येक पेडलला वेगळी लाइन देणारा चांगला पॉवर सप्लाय आणला आणि साधा भुंगाही गेला. फळी शांत झाली.

आता बेंबळीचं सांगतो.

आमच्या ग्रुपात स्मिता गाते. तिचे वडील बेंबळीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. शाळेच्या मैदानात सेवापूर्तीचा कार्यक्रम, दुपारचा. आयुष्यभर त्या माणसानं पोरीला गाणं शिकू दिलं, लोकांची बोलणी खाल्ली... म्हणून स्मितानं त्यांच्यासाठी एक गाणं बसवलं होतं. फक्त ती आणि माझी गिटार. शेवटच्या कडव्यात मी मागून सूर धरायचा, म्हणजे माझ्याही तोंडासमोर माईक.

आम्ही पोचलो तेव्हा मैदानात टँकरनं पाणी मारलं होतं, धूळ बसावी म्हणून. लोखंडी पाइपांचं स्टेज, त्यावर प्लाय आणि लाल कारपेट. मंडप आणि वायरिंग जब्बारभाईंचं. ते आमच्या चांगल्या ओळखीचे. अँप आधीच स्टेजवर ठेवून त्याची पिन बोर्डात लावलेली होती. मग पाहुण्यांसाठी भलामोठा सोफा आला, तो वर चढवताना पाच-सहा जणांनी स्टेज हलवलं, सरकवलं, पुन्हा बसवलं.

मी फळी उघडून बसलो. फळीचा प्लग अजून लावायचा होता. अँपकडं जाणारी लांब केबल काढायला बॅगेत हात घातला... तर आत फोनचा उजेड. घरचा नंबर.

“भावजी, फळी घरीच ऱ्हायली का?”

“न्हाय वहिनी. माझ्यासमोर हाय. का हो?”

“अन् तो स्पीकर?”

“तो बी इथंच.”

त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मग तुमच्या खोलीत हे काय वाजतंय?”

मला वाटलं फ्रिज असेल, पंखा असेल. तसं म्हणालोही.

“लाईट कुठं हाय इथं? सकाळधरनं गेलीया. सगळी गल्ली बंद हाय. मशीन पायानंच मारत बसले होते मी. ऐका, ऐका तुमीच.”

त्यांनी फोन पुढं धरला असावा.

मंडळी, मी जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगतो. आधी घूंऽऽ. तो मोबाईलचा खरखराट नव्हता, मला तो ओळखू येतो. तो माझा भुंगा होता. आणि मग तो वाढला. सूर चढला, वर चरचर आली. कुणीतरी तारांवर हात ठेवावा तसा. भर दुपार, समोर खुर्च्या मांडणारी माणसं, माईकवर कुणीतरी “हॅलो, हॅलो” करतंय... आणि माझी गिटार माझ्यासमोर स्टँडवर, एकही वायर न लावलेली.

वहिनींचा आवाज आला. “आयकलं का? त्या दिवशीचाच हाय न्हवं? तुमच्या हाताला झिणझिण्या आल्या होत्या, त्या दिवशीचा. भावजी, कशाला हात लावू नका.”

“न्हाय लावत,” मी म्हणालो.

अँप माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी बसल्या जागेवरून उठलो, कारपेटच्या मधोमध चालत मागं आलो आणि जब्बारभाईंना हाक मारली. “भाई, अँपला जरा टेस्टर लावून बघा.”

“अरे, आत्ताच तर जोडलं. सब बराबर है.”

“तरी बघा. माझ्यासाठी.”

ते कुरकुरत आले. अँपच्या मागच्या स्क्रूला टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग तोच टेस्टर स्टेजच्या पाइपाला लावला. तिथंही पेटला. दुसऱ्या क्षणी ते मैदानातून पळत मेन स्विचकडं गेले. जब्बारभाईंना पळताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

स्टेजच्या एका पायाखाली वायर दबली होती. सोफा चढवताना स्टेज सरकलं, पाय तिच्यावर बसला आणि साल फाटून आतली तार पाइपाला टेकली. मंडपाच्या बोर्डाची अर्थिंग त्याच पाइपाला बांधलेली. म्हणजे सगळा करंट पाइपातून उलटा अँपच्या बॉडीत. केबल लावली असती की अँपमधून फळीत, फळीतून गिटारच्या तारांत. माईकचं सगळं शाळेच्या वेगळ्या लाईनवर होतं, त्याची अर्थिंग चांगली. तारांवर हात आणि ओठ माईकला... पुढचं मी लॅबमध्ये पोरांना शिकवतो. इथं लिहवत नाही.

आणि स्वागतगीताच्या मुली स्टेजच्या लोखंडी शिडीकडं यायला निघाल्याच होत्या. ओल्या मातीवरून, चपला एका बाजूला काढून. स्मितानं दोन्ही हात पसरून त्यांना वर्गाकडं मागं नेलं. नेताना ती हसत होती, त्यांना काही कळू नये म्हणून. मुली आत गेल्यावर व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी राहिली, बराच वेळ.

वायर बदलली. अर्थिंग जमिनीत खुंटी ठोकून वेगळी केली. जब्बारभाईंनी प्रत्येक पाइप, प्रत्येक स्क्रू स्वतः तपासला, आणि शेवटी अँपवर स्वतःचा हात ठेवून मला म्हणाले, “आता लाव, भाई.”

कार्यक्रम उशिरा सुरू झाला. स्मिता गायली. मी वाजवलं, शेवटच्या कडव्याला सूरही धरला. हेडमास्तर सर पहिल्या ओळीत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. गाणं संपल्यावर टाळ्या थांबल्या तरी ते उठले नाहीत. मग स्टेजवर येऊन त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मला विचारलं, “तुमच्या घरी कोण कोण असतं?” मी सांगितलं. ते म्हणाले, “वहिनीसाहेबांना माझा नमस्कार सांगा.” फोनचं मी स्मिताला सांगितलं होतं, तिनं त्यांना सांगितलं असणार.

मी लगेच घरी फोन केला. वहिनी म्हणाल्या, “तुमी फोन ठेवला अन् जराशानं थांबला तो. मी खोलीच्या दारातच हुते. आत काय बी न्हवतं, भावजी. नुसती तुमची चटई.”

घरी गेल्यावर मी माझ्या सवयीनं सगळं तपासलं. खोलीत बॅटरीवर चालणारी एकही वस्तू नव्हती. पत्र्याखाली मोहोळ असेल म्हणून अण्णा शिडी लावून वर चढले, काही नाही. पिठाची गिरणी गल्लीत आहे, पण लाईट नसल्यानं बंद होती, गिरणीवाल्याला विचारून घेतलं. शेजारच्या काकूंनी काही ऐकलं नव्हतं. लॅबमध्ये एका सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मोबाईलच्या लाइनमधला आवाज असेल. असेल. पण वहिनींनी तो आवाज फोन लावायच्या आधी, स्वतःच्या कानानं, मशीनवर बसून ऐकला होता. आणि फोन ढोकीहून आला होता. वायर दबली होती बेंबळीत.

अण्णांचं म्हणणं वेगळं. “कसला आवाज, कुणाचा आवाज, ह्याच्यात पडू नको. यायचा तो आला, काम करून गेला.” एवढं बोलून ते उसाला पाणी द्यायला गेले.

मला काही उत्तर मिळालेलं नाही. कुणा वाचकाला सुचलं तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. पण आता पूर्वीसारखी घाई नाही उत्तराची. सकाळी दुचाकीला किक मारताना, कळंबच्या रस्त्यावर ऊन अंगावर येताना, लॅबचं कुलूप उघडताना... कधी कधी एकदम जाणवतं की हे सगळं मला मिळालंय. कुणी दिलं, हे नीट सांगता येत नाही. पण त्यातलं एक नाव मला माहीत आहे.

त्या नावाला मी एकदा नीट धन्यवाद द्यायचं ठरवलं. आमच्याकडं घरात असं कुणी कुणाचे आभार मानत नाही, त्यामुळं जीभ अडखळत होती. वहिनी कुणाचं तरी ब्लाउज शिवत होत्या. मी म्हणालो, “वहिनी, त्या दिवशी तुमच्यामुळं वाचलो मी.”

त्यांनी मशीन थांबवली नाही.

“माज्यामुळं कशाचं? मी रोजच फोन करती. फळी मांडून बसल्यावर तुमी कधी कुणाचा फोन उचलता व्हय?”

खरंच नाही उचलत. फोन सायलेंट करून बॅगेत टाकतो, सगळं जोडून होईपर्यंत बघत नाही. त्या दिवशी केबल काढायला हात बॅगेत गेला, म्हणून तेवढा उजेड दिसला. त्यांनी दातांनी दोरा तोडला, ब्लाउज उलटं करून शिवण बघितली आणि म्हणाल्या,

“त्या दिवशी उचलला, हे लई बरं केलं तुमी.”